चावडीत ठेवलेल्या बंदुका

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या लोहाराच्या हाताला मोठं यश होतं. एकदा दरोडेखोरांनी गावात शिरून गुरं नेली, तेव्हा पाटील म्हणाला, "आता घरटी एक बंदूक हवीच!" लोहाराने रात्रंदिवस भाता ओढला आणि प्रत्येक घरात बंदूक पोचती केली. गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

वर्ष उलटलं. औषधपाणी करणारी म्हातारी वैदीण एके सकाळी त्याच्या दारात आली. तिचे डोळे सुजले होते.

"लोहारा, कुंभार गेला. काल तिन्हीसांजेला तेल्याची कोयती परत द्यायला गेला होता. तेल्याला वाटलं, चोरच आला, त्याने गोळी झाडली. वर्षात ही सातवी तिरडी. दहा वर्षांत दरोडेखोरांनी मारली, ती माणसं दोन."

लोहाराच्या हातातला घण खाली आला. कुंभार त्याचा लंगोटीयार. तरी तो म्हणाला, "मावशी, बंदूक काय आपणहून उडते? माणसाच्या रागाला, भीतीला मी काय करू?"

"राग आधीही होता, बाबा. बांधावरून काठ्या चालायच्या, डोकी फुटायची, मी पाला बांधायची. आता मी पोचते तेव्हा बांधायला काही उरलेलं नसतं."

लोहार त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलाने आणखी वीस बंदुका सांगितल्या. लोहार भर चावडीत उभा राहिला. "घडवणार नाही," तो म्हणाला, आणि स्वतःची बंदूक त्याने पाटलासमोर ठेवली.

"वेडा झालास? दरोडेखोर आले म्हणजे?"

"तेव्हा सगळे मिळून लढू. बंदुका इथं कुलपात राहू देत. एक किल्ली तुमच्याकडे, एक मावशीकडे. नगारा वाजला की कुलूप उघडायचं. घरात मात्र एकही नको."

लोक कुजबुजले, काही हसले. मग गर्दीतून तेली पुढे आला. त्याने आपली बंदूक लोहाराच्या बंदुकीशेजारी ठेवली. त्यानंतर एकेक जण उठला. शेवटी पाटीलही उठला.

सुगीत, भर दुपारी, दरोडेखोर आले. नगारा घुमला. पूर्वी जो तो आपापल्या दाराला कडी घालून बसायचा. आज सगळं गाव चावडीकडे धावलं. वेशीवर बंदुकांची रांग उभी राहिली, मागे विळे-कोयते घेतलेल्या बायका, आणि सर्वांच्या पुढे लोहार! तो एवढा जमाव पाहून दरोडेखोरांनी तलवारी टाकल्या. एकही गोळी उडाली नाही.

हलगीच्या तालावर बांधलेल्या दरोडेखोरांची वरात निघाली. लोकांनी लोहाराला खांद्यावर घेतलं, तशी वैदीण खालून ओरडली, "अरे, जपून! पाडाल त्याला!" आणि सारं गाव खदखदून हसलं. त्यानंतर वर्षभर भांडणापायी किंवा भीतीपायी गावात एकही तिरडी उठली नाही.

तात्पर्य: उशाशी हत्यार असलं की राग निवायला वेळ मिळत नाही, घराची खरी राखण एकजुटीने उभं राहणारं गाव करतं.