ताईचं दही

वस्तूसुद्धा गेलेल्या माणसाची वाट बघतात का, हे मला कुणीच सांगितलं नाही.

घरातल्या वस्तू बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. "कमी वीज खाणारा म्हणून तुला आणलं," मीटर फ्रिजवर खेकसला, "आणि मला असा पळवतोस?"

"मी काय करू, मीटरदादा? धाकटा सारखा दार उघडून उभा राहतो. ताई वारली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं लावलेलं दही बघतो. मी ते जिवापाड जपतोय."

मीटरचा आवाज उतरला. "वेड्या, नुसतं गार ठेवून दही किती टिकणार? विरजण लाव म्हणावं त्याला."

तो धाकटा मीच. मी वाटी बाहेर काढली, चमचाभर दही कोमट दुधात ढवळलं आणि त्या दोघांसाठी फ्रिजचं दार नीट लावून घेतलं.