खाता का?

एका जंगलात एक अस्वल राहत असे. निदान वणवा लागेपर्यंत तरी राहत असे. वणव्याने त्याची करवंदीची जाळी जाळली, मोहाची झाडे जाळली, आणि ज्या कपारीत ते लहानाचे मोठे झाले तिथे नुसती राख उरली. अस्वल बिचारे स्वभावाने साधे. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. डोक्यावर ऊन घेत, उपाशीपोटी चालत चालत ते एका ओढ्यापाशी पोचले.

त्या ओढ्याच्या दोन काठांवर दोन तऱ्हेचे प्राणी राहत. अलीकडच्या काठावर ससे, हरणे, वानरे वगैरे मंडळी होती. त्यांना ‘न खाणारे’ म्हणत. पलीकडे बिबट्या, तरस, कोल्हा. ते ‘खाणारे’. आता मुलांनो, तुम्ही म्हणाल, न खाणारे काय उपाशी राहत? छे! ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत खात. पाला खात, शेंगा खात, आणि काठावरच्या मोठ्या उंबराखाली तर त्यांची पंगत उठतच नसे. पण मांस खात नसत, म्हणून न खाणारे. शब्दच तसा पडला होता. आपल्याकडेही तो तसाच पडला आहे आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही. अस्वल ज्या रानातून आले होते तिथे मात्र खाणे म्हणजे खाणे, एवढेच ठाऊक होते.

अलीकडच्या काठावर उंबरामागे एक कपार रिकामी होती. गार, कोरडी, अस्वलाच्या मापाची. ती पाहून त्याच्या जिवात जीव आला. इतक्यात उंबरावरून एक म्हातारा वानर खाली उतरला. तो तिथला पंच होता. त्याने अस्वलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि घसा खाकरून विचारले, “राहायला आलात वाटतं? एकच विचारतो, राग मानू नका. तुम्ही खाता का?”

अस्वलाचे डोळे भरून आले. वणव्यानंतर त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि पहिल्याच भेटीत कोणी इतक्या अगत्याने विचारत होते! ते म्हणाले, “खातो की, दादा! काय असेल ते आणा. मी कशाला नाही म्हणायचा नाही.”

एकदम गलका झाला. हरणे मागे सरली, सशांनी आपली पिल्ले पोटाशी ओढली. “कशालाच नाही म्हणत नाही म्हणे!” एक ससा थरथरत ओरडला. सशाला हसू नका हं. मागच्याच हिवाळ्यात त्याचा भाऊ पलीकडच्यांच्या पोटात गेला होता, त्यामुळे त्याची भीती खरी होती. फक्त ती चुकीच्या माणसाला, म्हणजे चुकीच्या अस्वलाला, लागू झाली होती. वानर म्हणाला, “इथे खाणाऱ्यांना जागा देत नाही आम्ही. पलीकडे बघा तुमचं.”

अस्वलाला काहीच उमगेना. खातो म्हटले म्हणून हाकलले, तेव्हा खाणे हीच इथे वाईट चाल असावी, असे त्याने मनाशी धरले आणि ते ओढा ओलांडून गेले. पलीकडे बिबट्या सावलीत पडला होता. शेजारी तरस आणि कोल्हा काहीतरी फोडत बसले होते. तरसाने मान वर करून हाक मारली, “या पाव्हणं! काय, खाता का?”

अस्वल आता शहाणे झाले होते. दोन्ही पंजे हलवत ते घाईघाईने म्हणाले, “नाही, नाही! मी अजिबात खात नाही. कधीच खाल्लं नाही!”

तिघांची तोंडे चालायची थांबली. बिबट्या आळोखेपिळोखे देत उठला. “खात नाही, तर मग इथं कशाला तडफडलास? आमच्या तोंडाकडे बघत बसायला? तुम्ही न खाणारे शेजारी बसलात ना, की नाक मुरडता. घास घशाखाली उतरत नाही आमच्या.”

“पण अलीकडचे म्हणतात मी खाणारा आहे,” अस्वल रडकुंडीला आले.

“काय खातोस ते तर सांग,” कोल्हा म्हणाला.

“मोहाची फुलं खातो. मध खातो. बोरं, करवंदं, उंबरं.” अस्वल थोडे थांबले, कारण यातले कोणते बरोबर आणि कोणते चूक हे त्याला कळत नव्हते. “आणि वाळवी.”

तरस गडाबडा लोळून हसू लागले. “वाळवी! अरे, ना रक्त, ना हाड. ते काय खाणं झालं? वाळवी आमच्यात धरत नाहीत.”

“धरत नाहीत?” अस्वलाने पुन्हा विचारले. “म्हणजे मी खाणारा नाही?”

“मुळीच नाही. जा, पाला चघळ.”

बाकी अपमान राहो बाजूला, अस्वलाला फार हायसे वाटले. निकाल तर लागला! खुद्द खाणाऱ्यांनीच तो दिला होता. ते धावतच ओढा ओलांडून परत आले आणि धापा टाकत म्हणाले, “वानरदादा, मी खात नाही! पलीकडच्यांनीच सांगितलं. वाळवी धरत नाहीत!”

“वाळवी?” वानराने भुवया चढवल्या. “शिव शिव! वाळवीला जीव नसतो का?”

लगेच उंबराखाली सभा भरली. कोणी म्हणाले, वाळवी जीवच आहे. कोणी म्हणाले, जीव आहे पण लहान आहे. एका हरणीने विचारले, नेमका केवढा झाला की तो जीव धरायचा? मोर मागच्या बाजूला पिसारा मिटून उभा होता. तो हळूच म्हणाला, “तसं पाहिलं तर वाळवी वाईट नसते. कुरकुरीत असते.” सगळ्यांनी माना वळवल्या तसा तो गडबडला. “म्हणजे मी घरी नाही खात. घरी बिलकुल नाही. कधीतरी बाहेर.” यावर वानराने नुसते ‘हं’ केले. मोर दिसायला देखणा, नातलग मोठे, त्याचे बाहेरचे कोण काढणार? अस्वल मात्र अधिकच गोंधळले. आपले तर घर जळून गेलेले, म्हणजे आपण जे खाल्ले ते सगळे बाहेरच झाले की! पण हे बोलून दाखवायचा त्याला धीर झाला नाही. मागच्या कपारीतून गार वारा येत होता आणि आपल्याला ती मिळावी, एवढेच त्याला हवे होते.

शेवटी वानराला त्याची थोडी दया आली. तो वाईट नव्हता. त्याने एक पिकलेले लालबुंद उंबर तोडून अस्वलाच्या पंजात ठेवले आणि म्हणाला, “वाळवी सोडायची शपथ घे, आणि आमच्या पंगतीला बसून हे खा. मग कपार तुझी.”

“सोडली!” अस्वल म्हणाले.

आता अस्वलांच्या घराण्याची एक रीत असते. उंबर तसेच तोंडात टाकायचे नाही. आधी फोडायचे, आत फुंकर मारायची, मग खायचे. आईने लहानपणी शिकवलेले असे मोठेपणी आपोआप होते. अस्वलाने उंबर फोडले, फुंकर मारली, आणि आतून बारीक बारीक किड्यांचा थवा भुर्रकन उडून सगळ्यांच्या तोंडासमोर आला. राहिलेले किडे आत वळवळत होते.

“वा! भरलेलं निघालं!” अस्वल आनंदाने म्हणाले.

सशाच्या तोंडात अर्धे उंबर होते. ते थुंकावे तर इतके दिवस काय खाल्ले ते कबूल केल्यासारखे होते, आणि गिळावे तर आता दिसले होते. त्याचे गाल फुगलेले ते फुगलेलेच राहिले. हरणांनी एकमेकींच्या पोटांकडे पाहिले. सगळ्यात आधी वानर भानावर आला. “बाटवलं!” तो किंचाळला. “यानं आमचं उंबर बाटवलं! किडे याच्या फुंकरीतून आले!”

“हो, हो, फुंकरीतूनच!” सगळे ओरडले, कारण तसे ओरडणे फार सोयीचे होते. सशानेही गपकन गिळले आणि तो सर्वांपेक्षा मोठ्याने ओरडू लागला. खडे आले, काटक्या आल्या. अस्वल अंग चोरत पळाले. फोडलेले उंबर तिथेच पडले. ते त्याच्या तोंडापर्यंत गेलेच नव्हते. मागून वानराचा आवाज ऐकू येत होता : “आजपासून या काठावर कोणीही उंबर फोडून बघायचं नाही!”

अस्वल ओढ्याच्या मधोमध पाण्यात उभे राहिले. हो म्हटले तर अलीकडचे हाकलतात, नाही म्हटले तर पलीकडचे. वाळवी इकडे धरतात, तिकडे धरत नाहीत. बाहेरचे चालते, आतले दिसले तर बाटते. मग आपण आहोत तरी कोण? विचार करून करून त्याचे डोके भणभणले. कुठल्याच काठावर जाववेना, म्हणून ते पाण्यातूनच चालू लागले.

दिवस कलताना ओढ्याच्या वळणावर एक मोठी कपार लागली. तिच्या तोंडाशी एक म्हातारी साळू बसली होती. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेले. ती कंदमुळे खायची, पण दात झिजवायला वाळकी हाडेही कुरतडायची. त्यामुळे तिला दोन्ही काठांनी कधीच वाळीत टाकले होते. अस्वलाला पाहून ती म्हणाली, “कोण रे तू? जेवलास का?”

अस्वल दचकले. पुन्हा तोच प्रश्न! आता हो म्हणावे की नाही? त्याला हुंदका फुटला. “माहीत नाही, आजी.”

“जेवलास का, तेही माहीत नाही? अरे, पोटाला विचार की!”

“आधी तुम्ही सांगा,” अस्वल डोळे पुसत म्हणाले. “मी खाणारा आहे की न खाणारा?”

साळूने त्याच्या बरगड्यांकडे पाहिले. “तू उपाशी आहेस,” ती म्हणाली. “आत ये. ते कंद घे. त्या कोपऱ्यात वाळवी लागलीय, ती तुला चालत असेल तर घे, मला तिचा त्रासच आहे. मी मागच्या बिळात असते. पुढची जागा मोकळीच पडलीय.”

अस्वल खाली बसले आणि खाऊ लागले. खाता खाता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण त्याने खाणे थांबवले नाही. आपण नेमके कोण, हे त्याला तेव्हाही समजले नव्हते. इतक्यात दारात पावले वाजली. मोर उभा होता. पिसे विस्कटलेली, तुरा वाकडा झालेला. अस्वल गेल्यावर न खाणाऱ्यांनी सगळ्यांचे बाहेरचेही काढायला सुरुवात केली होती. मोर मान खाली घालून म्हणाला, “मला विचारायचं ते विचारा. मी खोटं बोलणार नाही.”

अस्वलाने घास गिळला. विचारण्यासारखा एकच प्रश्न त्याला आता येत होता.

“जेवलास का?” त्याने विचारले, आणि सरकून जागा केली.

तात्पर्य : कोण काय खातो याची चौकशी करायला पुढे सारा जन्म पडला आहे, दारात आलेल्याला आधी तो जेवला आहे का, ते विचारावे.