मित्राघरचं भांडं

"उदी देणार की नाही, बाबा? काय ते एकदा सांगून टाका."

सटवाजीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. जमालशा फकीर धुनीपाशी एक पितळी पातेली राखेनं घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगतो. एवढी पातेली होऊ दे."

सटवाजी हा कोंढणीच्या राज्याचा सरनोबत, म्हणजे सगळ्या फौजेचा मुख्य. लहानपणी याच तक्यावर, बाबांच्या या उघड्या ठिकाणावर, झाडलोट करून आणि बाबांच्या हातचा मार खाऊन तो शहाणा झाला होता. निदान त्याला तसं वाटत असे. आता मिशा पिळदार होत्या, अंगावर किनखापी अंगरखा होता आणि आवाज चढा होता.

चिंचेखाली बैल सोडलेले होते. त्यांनी ओढून आणलेली नवीकोरी तोफ गाड्यावर उभी होती. तिच्याभोवती शिपाई उकिडवे बसले होते.

कोंढणीचा शिपाई बाबांची उदी कपाळाला लागल्याशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकत नसे. राजाचा हुकूम असला तरी नाही. सरनोबताला आज नेमकी तीच खोड नडत होती.

"तोफेचं तोंड माझ्याकडे का केलंस रे?" बाबांनी विचारलं.

"गाडा तसा थांबला. वळवू का?"

"वळव की. कुणीकडे वळवणार?"

"नांदखोऱ्याकडे."

नांदखोरं नदीच्या पलीकडे. राजा नाही, किल्ला नाही. एक पाटील आणि डोंगरभर सागाचं रान.

"त्यांनी आपलं काय नेलं?"

"आपलं काही नाही नेलं. सागरपेठेला जहाजांसाठी साग हवाय. हे लोक रानाला कुऱ्हाड लावू देत नाहीत."

"मग ते भांडण सागरपेठेचं."

"सागरपेठ आपला मित्र आहे, बाबा!"

"कधीपासून?"

"राजांच्या आजोबांपासून."

"तेव्हाही तोफा देत होते?"

"नाही. तेव्हा मीठ यायचं. सुकी मासळी यायची."

"आणि आपण?"

"आपण तूप धाडायचो. मध, हिरडा..."

"बरं चाललं होतं की," बाबा म्हणाले आणि पातेली उलटी करून बूड घासू लागले.

आता सागरपेठेच्या राजदरबारानं धाडलेल्या वकिलांना राहवेना. पांडोबा कामती त्यांचं नाव. फकिराच्या तक्यावर येताना त्यांनी बसायला स्वतःचा गालिचा आणला होता, आणि त्याच्या बरोबर मधोमध ते बसले होते. माणूस गोड बोलणारा. इतका गोड, की ऐकणाऱ्यानं पाणी पिऊन घ्यावं.

"फकीरबाबा, काळ बदलला," ते म्हणाले. "आता मीठमासळीनं भागत नाही. आमची तोफ, तुमचे गोलंदाज. आमचा दारूगोळा, तुमची छाती. दोन राज्यं एकजीव झाली पाहिजेत. या तोफेचं नावच आमच्या महाराजांनी 'सखी' ठेवलंय."

"वा! कुणाची?"

"दोन्ही राज्यांची."

"दोघांत एक सखी," बाबा म्हणाले. "मग घरात कटकट आलीच."

शिपायांत खसखस पिकली. सटवाजीनं डोळे वटारले, तशी ती थांबली.

"विकत घेतलीस?" बाबांनी त्याला विचारलं.

"छे! भेट आहे. मित्राकडून मोल कोण घेतं?"

वकिलांनी समाधानानं मान हलवली.

"भेट..." बाबा म्हणाले.

पातेली लख्ख झाली होती. ती गिरजाऊची. खालच्या वाडीतली ही म्हातारी भल्या पहाटे आंबील घेऊन आली होती आणि भांडं परत न्यायला अजून थांबली होती. खरं तर ती भांड्यासाठी थांबली नव्हती. तोफेपाशी गज धरून उभा असलेला गोलंदाज महादू तिचा मुलगा होता, आणि तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

बाबांनी पातेलीत मूठभर चिंचा टाकल्या आणि ती तिच्या हातात दिली.

"सटवाजी, शेजारच्या घरून भांडं आलं तर काय करावं रे?"

"रिकामं परत देऊ नये," सटवाजी पटकन बोलून गेला. आईनं लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलेलं उत्तर, त्याला विचार करावा लागला नाही.

"आणि ते?"

बाबांनी तोफेकडे बोट केलं.

कोंढणीत तोफेला भांडंच म्हणत. बुरुजावरचं भांडं, दरवाजावरचं भांडं. जुनं बोलणं आहे ते, एके काळी सगळ्याच गडांवर होतं. शिपायांच्या तोंडी तर दुसरा शब्दच नव्हता.

"तेही भांडंच की," बाबा म्हणाले. "मित्राघरून आलंय. त्यात काय घालून परत देणार आहेस?"

सटवाजी अंगरख्याची बाही नीट करू लागला.

"त्यात लपवायचं काय?" वकील म्हणाले. त्यांना प्रश्न फार आवडलेला दिसला. "करार झालाय. सागरपेठ हाक देईल तेव्हा कोंढणीची माणसं येतील. आज नांदखोऱ्यात, उद्या जिथं गरज पडेल तिथं. सरनोबतांनी भर दरबारात शब्द दिलाय."

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. त्यांना आजचं माहीत होतं. उद्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

"सरकार," गिरजाऊ म्हणाली. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "माझी लेक नांदखोऱ्यात दिलीया. वेशीजवळच घर हाय तिचं. तुमी लग्नाला आलता. वरातीम्होरं नाचलाबी व्हता."

सटवाजी पायांतल्या जोड्यांकडे बघत राहिला.

"तिच्या भावाच्या हातानं तिचं घर पाडणार व्हय?"

"बाई, राज्य चुलीपाशी बसून चालत नाही!" सटवाजी एकदम उसळला. त्याचा राग खरा होता, आणि त्याखालची काळजीही खरी होती. "बाबा, तुम्ही इथं झाडाखाली बसता. बुरुजावर मी उभा असतो. गडावर भांडी किती, तर तीन. दोन गंजलेली आणि एक तडकलेलं. उद्या उत्तरेकडून कुणी चालून आलं तर माझ्या पोरांनी काय गोफणी फिरवायच्या? तेव्हा ही गिरजाऊ मला येऊन विचारणार, सरनोबत, तुम्ही काय करत होता?"

"खरं आहे तुझं," बाबा म्हणाले.

हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, सटवाजीला तर मुळीच नाही.

"घरात भांडं पाहिजेच," बाबा पुढं म्हणाले. "मी कधी नको म्हटलं? घे. पण विकत घे. घासाघीस कर, पोटाला चिमटा काढ, आणि घे. विकतच्या भांड्यात आपण आपल्याला हवं ते शिजवतो. हवं तेव्हा चूल पेटवतो. कुणाची हाक यायची वाट बघत नाही."

सटवाजीनं वकिलांकडे पाहिलं. विचारायचं नव्हतं, तरी नजरेनं विचारलंच.

"विकाऊ तोफा आमच्याकडे नसतात, सरनोबत," कामती हसून म्हणाले. "मित्रांना आम्ही भेटच देतो."

"ऐकलंस?" बाबा म्हणाले.

कामती गालिच्यावरून उठले. त्यांनी आवाज आणखी मऊ केला.

"फकीरबाबा, आपण थकलात. उन्हापावसात उघड्यावर राहता. आमचे महाराज या तक्यावर पक्कं छप्पर घालून देतील. कौलारू. आपण फक्त या पोरांच्या कपाळाला बोट लावायचं."

बाबांनी वर चिंचेकडे पाहिलं. "छप्पर घातल्यावर माझ्या चिंचा कशा पडायच्या?"

मग मात्र वकिलांचा गोडवा आटला.

"सरनोबत," ते म्हणाले, "मला एक सांगा. या फौजेचे मालक तुम्ही, की हा म्हातारा?"

घाव बरोबर बसला. सटवाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो तरातरा धुनीपाशी गेला, वाकला आणि त्यानं उदीची मूठ भरून घेतली.

बाबांनी त्याला अडवलं नाही.

"घे," ते म्हणाले. "तुझ्या हातानं लाव. बघ, लागते का."

सटवाजी तोफेपाशी गेला, तसे शिपाई उठून उभे राहिले. समोर पहिला महादूच होता. सटवाजीनं उदीचं बोट त्याच्या कपाळाकडे नेलं.

महादूनं मान मागं घेतली.

"बाबांच्या हातची, सरकार."

दुसऱ्याकडे वळला. दुसराही मागं सरला. तिसरा तर सरळ खाली बसला, गुडघ्यात डोकं घालून. बंड म्हणावं असं कुणी काही केलं नाही. कुणी हत्यार टाकलं नाही की आवाज चढवला नाही. नुसती कपाळं मागं गेली.

सटवाजी मूठ वळून उभा. बोटांतून राख गळत होती.

तेव्हा बाबा उठले.

मार्गशीर्षातली सकाळ होती आणि टेकडीवर बोचरा वारा होता. बाबांच्या अंगावर एक घोंगडी होती, तिच्याखाली लंगोटी, बाकी काही नाही. थंडीची आणि झोपेची तीच, बसायला अंथरायची तीच. त्यांची सगळी मिळकत तेवढीच.

ते तोफेसमोर आले. त्यांनी घोंगडी काढली, नीट घडी घातली, गुंडाळली आणि तोफेच्या तोंडात कोंबली. एकदा, दोनदा, तळहातानं आत ढकलली.

"झालं," ते म्हणाले. "भांडं आता रिकामं नाही. घेऊन जा मित्राघरी."

म्हाताऱ्याच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. अंगावर काटा आला होता.

"हा अपमान आहे!" कामती ओरडले. "आमच्या महाराजांच्या भेटीत या भिकाऱ्याचं... काढा ते आधी!"

कुणी हललं नाही.

वकील स्वतः पुढं झाले. दोन बोटांनी त्यांनी घोंगडीचं टोक धरलं. धूर, घाम आणि मेंढीचा वास नाकात गेला, तशी त्यांनी बोटं झटकली.

"सरनोबत! काढता की नाही? का दरबारात दिलेला शब्द आज इथं मोडणार?"

सटवाजीनं हातातली राख टाकली. तो तोफेजवळ आला. त्यानं तिच्या तोंडात हात घातला, कोपरापर्यंत.

घोंगडी अजून उबदार होती.

पोरवयात, तक्यावर थंडीनं कुडकुडताना, हिचंच एक टोक ओढून तो झोपला होता. दुसरं टोक बाबांकडे असायचं, आणि सकाळी उठल्यावर बाबा उघडेच सापडायचे. त्या वेळी त्याला याची कधी लाज वाटली नव्हती. आता वाटली.

हात तसाच आत होता. सगळे बघत होते. गिरजाऊनं पातेली छातीशी धरली होती.

त्यानं हात बाहेर काढला. हात रिकामा होता.

"महादू," तो म्हणाला. "गज दे."

तोफेत दारू ठासायचा तो लांब दांडा महादूनं पुढं केला. सटवाजीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि घोंगडी ठासली. दात खाऊन ठासली. पार तळाशी जाईपर्यंत ठासली.

"बैल जुंपा," तो म्हणाला. "सागरपेठेच्या वाटेनं. हे भांडं ज्याचं त्याला पोचवून या."

"बाबा, कपाळ?" महादूनं हळूच विचारलं. वेशीबाहेर जायचं होतं ना.

बाबांनी धुनीतून चिमूटभर उदी घेतली आणि त्याच्या कपाळाला लावली. मग एकेक जण येऊन वाकला, आणि कुणीही मान मागं घेतली नाही.

कामतींनी गालिचा स्वतःच गुंडाळला. त्यांच्या मदतीला कुणी गेलं नाही. जाताना ते सटवाजीसमोर थांबले.

"याचा अर्थ तुम्हाला कळतो ना, सरनोबत? पुढच्या खेपेला सागरपेठेहून मीठसुद्धा यायचं नाही."

सटवाजीनं शिपायांना निघायची खूण केली.

गाडा उतरणीला लागला. चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला. गिरजाऊनं आपला पदर सोडून बाबांच्या खांद्यावर टाकायला घेतला, तर बाबांनी तिला दटावलं आणि ते धुनीच्या आणखी जवळ सरकून बसले. त्यांचे दात वाजत होते.

सटवाजी त्यांच्यासमोर मातीत बसला. रग गेली होती आणि आता भीती वाटत होती. राज्याची, स्वतःची आणि मिठाची.

"राजांपुढं मी उभा राहीन, बाबा. सरनोबती गेली तर जाईल. पण सागरपेठ... तीन पिढ्यांचा मित्र आहे हो तो. फार रागावेल."

बाबांनी धुनीत एक काटकी सरकवली.

"रागावू दे. रागावूनही उरला, तर तो मित्र."