पायाचं माप

"पण कायद्याने ते माझ्यावरच सोडलंय ना, अक्का?"

"सोडलंय म्हणजे कसं? वळू सोडतात तसं?"

मुकुंद प्रांताधिकारी होता. अर्ध्या जिल्ह्याचा मालक. निदान खुर्चीत बसला की त्याला तसं वाटे. यल्लाक्का चपला शिवायची, आणि बारा वर्षं तो तिला गुरू मानत आला होता. आत्ता तो तिच्यासमोर अनवाणी उभा होता, डावा पाय कागदावर. ती वाकून पायाभोवती पेन्सिल फिरवत होती.

भांडण हुसेन शिकलगारवरून होतं. त्याने नदीवर वाळूचे ट्रक अडवले होते. मुकुंदच्या हातात त्याच्या तडीपारीचा हुकूम होता. दोन वर्षं जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही. सही तेवढी राहिली होती.

"त्याची बायको आठव्या महिन्यात आहे. त्याचं म्हणणं ऐकलंस?"

"गरज वाटली नाही. माझी खात्री झाली की पुरे."

"कशावरून झाली?"

"ते सांगत बसायला मी बांधील नाही."

पेन्सिल थांबली.

"वाच तो हुकूम."

त्याने वाचला. "हुसेन दस्तगीर शिकलगार, सदर इसमाच्या वावरामुळे परिसरात भीतीचे वातावरण असून, सार्वजनिक शांततेस धोका असल्याची माझी खात्री झाली आहे…"

"आता तिथं माझं नाव घाल."

तो हसला. "काय अक्का तुम्हीपण."

"घाल म्हणते ना."

त्याने वाचलं. कुठे अडखळला नाही.

"आता तुझं."

"मुकुंद रामचंद्र तारळेकर, सदर इसमाच्या वावरामुळे…" आवाज उतरत गेला. वाक्य मात्र पुरं झालं. एक शब्द बदलावा लागला नाही.

"छापील नमुना असतो, अक्का," तो म्हणाला. "सगळ्यांना तोच लागतो."

अक्काने त्याच्या पायाखालचा कागद ओढून घेतला. दुसरा कोरा कागद उजव्या पायाशी सरकवला.

"एकाच पायाचं घ्या की. घाई आहे."

"तुझा डावा उजव्यापेक्षा जवभर रुंद आहे. बारा वर्षं दोन्हींचं वेगळं घेते."

मुकुंदने उजवा पाय उचलला… आणि तसाच धरून राहिला. हातातला हुकूम त्याला आता कुठे ठेवावा कळेना.

अक्काने मान वर केली नाही.

"माप न घेता कुणाच्याही पायात बसते, ती फक्त बेडी."