चौतीस अक्षरांची पालखी

महानदीवर वल्ह्यांपेक्षा गाणी जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. ओडिशातल्या कदळीबंध गावात आर्तत्राण नावाचा कवी राहत होता. ताडाच्या पानावर तो लोखंडी लेखणीने कविता कोरायचा. त्या मुलखात कविता नुसती वाचत नाहीत, गातात. म्हणून कवी आधी पानाच्या माथ्यावर रागाचं नाव कोरतो आणि मग कविता. आर्तत्राण कोरायला बसला की नदीतले मासे काठाशी येऊन थांबायचे, असं म्हणतात.

पण त्याला कोणाला नाही म्हणता येत नसे.

होळीच्या दिवसांत आसपासच्या गावांचे देव पालखीत बसून एका मैदानात भेटायला यायचे. ज्या गावाचं गाणं सरस, त्याची पालखी पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी आत जायची. कदळीबंधची पालखी कायम शेवटी. तोवर गुलाल संपलेला, प्रसादाची भांडी खरवडलेली. देवाचं तोंड उतरलेलं दिसायचं, असं म्हणतात. शेवटी गावाने ठरवलं, यंदाही गाणं पडलं तर पुन्हा देवाला मेळ्याला न्यायचं नाही.

आर्तत्राणने त्या वर्षी चौतिसा रचली. चौतीस कडवी, एकेका अक्षराचं एक, पहिलं क ने सुरू होणारं, शेवटचं क्ष ने. विणकरणी साबी मावशी म्हणाली, "केदार रागात बांध रे. माझ्या मागाला तोच मानवतो."

"बरं," तो म्हणाला.

गुराख्यांनी वसंत मागितला. बरं. नावाड्याने कामोदी मागितला. तेही बरं. पानाचा माथा कोराच राहिला आणि जो तो आपल्या रागात तालीम करून मैदानावर पोचला.

गाणं सुरू झालं आणि झाडावरचे कावळे उडाले. बाकीची गावं पोट धरून हसू लागली. मृदंगासारख्या मर्दलावरचे हात थांबवून वांछानिधी वादक म्हणाला, "आर्तभाई, यातला राग कोणता?"

"मी सगळ्यांनाच बरं म्हणालो रे."

"मग आता देवालाही बरं म्हण आणि पालखी घरी ने."

आर्तत्राणने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. एकालाही गप्प बस म्हणायला त्याची जीभ उचलेना. तो हळूच म्हणाला, "मावशी, क तुझा. गुराख्यांनो, ख तुमचा. अक्षरं पुष्कळ आहेत, वाटून घ्या. ज्याचं अक्षर, त्याचा राग."

"आणि ताल?"

"ताल तुझा एकट्याचा."

"एवढं तरी ठेवलंस," म्हणत वांछानिधीने मर्दलावर थाप दिली.

साबी मावशीने क उचलला आणि भर उन्हात चांदण्याचा गारवा पसरला. गुराख्यांच्या वसंताने वठलेल्या आंब्याला मोहोर फुटला. नावाडी गाऊ लागला तेव्हा नदी काठ सोडून मैदानाच्या कडेला येऊन बसली, असं म्हणतात. सूर्यही क्ष होईपर्यंत मावळला नाही. पुढे गेलेल्या पालख्या आपणहून मागे वळल्या. खांदेकरी पाय रोवून ओढत होते, तरी देव ऐकेनात. सगळे कदळीबंधच्या देवाभोवती जमले. शेवटची पालखी मैदानाच्या मधोमध आली.

आजही त्या गावात अक्षरं घरोघर वाटलेली आहेत. एखादं कुटुंब परगावी गेलं तर शेजारी त्याचं अक्षर गातात, ते मुकं ठेवत नाहीत. पानाचा माथा कोराच असतो. क्ष मात्र कोणा एकाच्या वाट्याचा नाही. तो सगळे एकदम गातात, आपापल्या रागात. कावळे उडतात, पाहुणे कान झाकतात.

आर्तत्राणला हा गोंधळ चालला असता का, असं कोणी विचारलं, तर म्हातारी माणसं हसून सांगतात, "तो बरं म्हणाला असता."