भिवबाचं लाल फडकं

मोहरा नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात भिवबा नावाचा घाटराखा राहायचा. घाटराखा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

त्या मुलखाचा राजा मोठा व्यवहारी होता. तो म्हणायचा, नदी सगळ्यांची असते, म्हणून तिच्याकडे कुणीच बघत नाही; तर आता मी बघणार. त्याने नियम घालून दिला. काठावर रंगारी असो नाहीतर गुऱ्हाळवाला, प्रत्येकाने आपलं घाण पाणी खड्ड्यात जिरवायचं, नदीत सोडायचं नाही. आणि नियम नुसता घालून भागत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून घाटाघाटावर त्याने एकेक राखा नेमला.

राख्याचं काम दिसायला सोपं. घाटालगत एक दगडी डोणी होती. नदीचं पाणी चरातून डोणीत यायचं आणि दुसऱ्या अंगाने परत नदीला मिळायचं. डोणीत बोटाएवढे मासे सोडलेले. ते तळाशी खेळत असले म्हणजे पाणी चांगलं. वर येऊन तोंडं उघडी टाकायला लागले की समजायचं, पाण्यात काहीतरी गेलं. मग भिवबा उंच वेळूला लाल फडकं बांधायचा. ते दिसलं की बायका घागरी घेऊन टेकाडामागच्या विहिरीवर जायच्या, आणि वरच्या अंगाला ज्याचं काम चालू असेल त्याला ते थांबवावं लागायचं. मासे तळाला गेले की फडकं खाली.

भिवबाला एकच लेक, सगुणा. त्या फाल्गुनात तिचं लग्न झालं, नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या लिंबाजी रंगाऱ्याच्या मुलाशी. घर खाऊनपिऊन सुखी. सासू तानूबाई तोंडाने फटकळ, पण सुनेच्या ताटात तूप स्वतःच्या हाताने वाढणारी. पोर तिथे रमली. भिवबाला रात्री शांत झोप लागायला लागली.

वैशाख आला. नदी रोडावली आणि लग्नसराई भरात आली. एका सकाळी भिवबा डोणीपाशी गेला तर मासे वर येऊन तोंडं वासत होते. त्याने फडकं बांधलं आणि काठाकाठाने वर चालत गेला. बघतो तर त्याच्या व्याह्याचाच खड्डा भरून वाहत होता. कुसुंबी रंगाचं, तुरटीचं पाणी पाटासारखं नदीत चाललं होतं.

लिंबाजीने लांबूनच हाक मारली, "या व्याही. फडकं बांधून आलात की बांधायचंय अजून?"

"बांधून आलोय. खड्डा वाहतोय तुमचा."

"वाहणारच. पंचक्रोशीतल्या नवरदेवांची मुंडाशी माझ्याकडे आहेत. उघड्या डोक्याने उभी करू का पोरं बोहल्यावर?"

"दुसरा खड्डा खणा."

"माणसं कोपरापर्यंत रंगात आहेत. खणणार कोण, तुम्ही?" मग लिंबाजीने आवाज उतरवला. "ऐका. तुमच्या डोणीशेजारून झऱ्याचा ओहोळ वाहतो की नाही? तो वळवा डोणीत. मासे खूश, राजा खूश, आपली सोयरीकही खूश."

"आणि पाणी पिणारे?"

"वाहती नदी आहे. जातं वाहून."

भिवबाने वाहत्या खड्ड्याकडे बोट केलं. लिंबाजीला ते आवडलं नाही. तो म्हणाला, "नसेल जमत तर लेकीला घेऊन जा माहेरी. घाटावर फडकी वाळत घालायला उपयोगी पडेल."

परत फिरताना भिवबाला अंगणात सगुणा दिसली. सासूच्या कुठल्याशा बोलण्यावर ती पदर तोंडाला लावून हसत होती. ते हसू त्याच्याबरोबर घरापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने चार दगड इकडचे तिकडे केले. नदीचा चर बुजवला, ओहोळ डोणीत वळवला. पोरं मासे पकडतात म्हणून डोणीभोवती काट्यांचं कुंपण होतं, त्यामुळे आत काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही. थोड्या वेळात मासे तळाला गेले. भिवबाने फडकं उतरवलं आणि पायरीवर बसून तंबाखू मळली. पण तोंडात टाकायचं विसरला.

तेवढ्यात सारजा आली. भिवबाच्याच आळीतली, कमरेवर घागर.

"उतरलं का काका? बरं झालं बाई. त्या टेकाडाने जीव काढला. घरात बाळंतीण, पाणी किती आणलं तरी पुरत नाही."

पाण्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. वेळूकडे बघितलं, तो मोकळा दिसला, आणि घागर बुडवली.

भिवबा उठला. तो पायऱ्या उतरून खाली गेला, तिच्या हातातून भरली घागर घेतली आणि घाटावर पालथी केली.

"काका, डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं होतं. आता आलं जागेवर. विहिरीवर जा, पोरी."

त्याने दगड काढले, चर मोकळा केला. नदीचं पाणी डोणीत शिरलं तसे मासे पुन्हा वर आले. भिवबाने फडकं बांधलं. सांगूनही कुणी काम थांबवलं नाही तर राजाच्या चौकीवर वर्दी द्यायची असा नियम होता. तीही त्याने दिली. मग डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि लेकीच्या घरची वाट धरली.

लिंबाजी जेवायला बसत होता. भिवबा दारातच उभा राहिला. "व्याही, फडकं लागलंय. चौकीवर वर्दीही गेलीय. मी लेकीला न्यायला आलोय."

"न्या," लिंबाजी म्हणाला. 

सगुणाच्या हातातलं भांडं खाली ठेवायचं राहून गेलं. तेवढ्यात तानूबाई चुलीपासून उठली. "सून माझी आहे. ती कुठे जात नाही. व्याही, तुम्ही हातपाय धुवा. दोघं आधी जेवा, मग पोटभर भांडा."

विहीणबाईंचा शब्द मोडणार कोण? दोघे शेजारी शेजारी बसले. तानूबाईने भात वाढला. लिंबाजीने घास उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"भात असा लालसर का गं?"

"पाणी नदीचं आहे."

"नदीचं तर रोजच असतं."

"रोज आम्ही दोघी आपल्या खड्ड्याच्या वरून भरतो. आज मी खालून भरलं. काल तुमचं बोलणं ऐकत होते मी. म्हणालात, वाहून जातं. मग म्हटलं, वर काय आणि खाली काय, उगाच चढण कशाला चढा?"

लिंबाजीने भात हुंगला. कडवट वास आला. भिवबाने मुकाट्याने लोणच्याकडे हात नेला.

"हे खायचं कसं माणसाने?"

"खालच्या गावाला कसं खायला लावत होतात, तसं," तानूबाई म्हणाली. "आणि सून माहेरी गेली तर उद्यापासून पाणी भरायला मी एकटी. माझे गुडघे दुखतात. मी खालूनच भरणार."

लिंबाजीने घास ताटात ठेवला. मग त्याने हात धुतला, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि अंगणात जाऊन गड्यांना रंगातून बाहेर काढलं. दुपार कलायच्या आत नवा खड्डा निम्मा झाला होता. भिवबानेही मातीच्या पाट्या टाकल्या. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, पण पाटी देता-घेता बोलावं लागलंच. मुंडाशी थोडी उशिरा गेली. एका नवरदेवाने मामाचं जुनं मुंडासं बांधून लग्न लावलं. बायकोने काही तक्रार केली नाही.

वर्दी राजापर्यंत पोचली होती. त्याने दोघांना बोलावलं. लिंबाजीला सांगितलं की एक खड्डा तुझा झाला, आता काठावरच्या सगळ्या रंगाऱ्यांसाठी एक मोठा खण, हाच तुझा दंड. मग तो भिवबाकडे वळला.

"सोयऱ्याविरुद्ध फडकं लावताना हात थरथरला नाही तुझा?"

"थरथरला महाराज. म्हणून दोन्ही हातांनी लावलं." भिवबा थांबला आणि खाली बघून म्हणाला, "पण त्याआधी सकाळी मी ओहोळही वळवला होता. तेही तुम्हाला माहीत असावं."

 राजा म्हणाला, "तुला काढला तर दुसरा आणावा लागेल, आणि सोयरे त्यालाही असतील. तू तिथेच राहा. पण डोणीभोवतीचं कुंपण काढून टाक. ज्याला पाणी प्यायचं आहे त्याने यावं आणि मासे बघावेत. सगळ्यांचं पाणी एकट्याच्या जिवावर सोडलं, ती चूक माझीही आहे."

लाल भाताची गोष्ट त्याच्या कानावर आली होती, म्हणून दोघे निघताना त्याने आणखी एक हुकूम केला. नदीकाठी ज्याचा धंदा असेल, त्याने घरचं पिण्याचं पाणी आपल्या खड्ड्याच्या खालूनच भरायचं. हे डोकं कुणाचं, असं कारभाऱ्याने विचारलं तेव्हा लिंबाजी म्हणाला, "आमच्या घरातलं." आणि ते म्हणताना त्याची मान चांगली ताठ होती.

दिवाळीला सगुणा माहेरी आली. पोचवायला लिंबाजी स्वतः आला. घराकडे न जाता आधी घाटावर उतरला आणि डोणीवर वाकून उभा राहिला.

"काय बघताय व्याही?" भिवबाने विचारलं.

"मासे बघतोय. आता नुसतं तुमच्या वेळूकडे बघून आम्ही पाणी पीत नाही."

"बघा की. मनसोक्त बघा."

लिंबाजीने बघितलं. मग पायऱ्या उतरून तो नदीत गुडघाभर गेला, ओंजळ भरली आणि पोटभर पाणी प्याला.

तात्पर्य: सगळ्यांच्या पाण्यावर ज्याला राखणीला बसवलं आहे, त्याने ते घाण करणारा आपला की परका हे बघू नये, आणि ज्यांना ते पाणी प्यायचं आहे, त्यांनी राखणदारावर सगळं सोपवून न देता स्वतःही वाकून बघत राहावं.