नालापानीचा चढ

“...पण उद्या गोळी आली, तर ही माणसं माझ्यामागून येतील का, सुभेदारसाहेब?”

म्हातारे सुभेदार हस्तबहादुर पुन अंगणात मुळे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

लेफ्टनंट यशोधन तावडे मूळचा चिपळूणचा. गोरखा पलटणीत येऊन त्याला जेमतेम महिना झाला होता, आणि सोमवारी चाळीस गोरखे घेऊन बर्फातल्या चौकीवर जायचं होतं. दोन दिवस डेहराडूनला मावशीकडे आला, तर मावशीनेच त्याला कुंपणापलीकडे, ती ज्यांना ‘दाज्यू’ म्हणजे थोरला भाऊ म्हणायची त्या सुभेदारांकडे पिटाळलं. “दाज्यूंना विचार जा. हाडं झिजवलीत त्यांनी पलटणीत. माझ्यापाशी उसासे टाकून काय होणार?”

“ऐकत नाहीत का तुमचं?” सुभेदारांनी विचारलं.

“ऐकतात. सलाम तर असा कडक... पण मी आलो की त्यांचं हसणं थांबतं.”

“काय केलंत?”

“पहिल्याच दिवशी त्यांना त्यांचा इतिहास सांगितला.”

“त्यांना... त्यांचा?”

कुंपणापलीकडे मावशीला एकदम खोकला आला.

यशोधनचे कान लाल झाले, पण गडी थांबला नाही. त्याने समोरच्या नालापानीच्या डोंगराकडे बोट केलं. अठराशे चौदा साली तिथल्या गडावर सहाशे गोरख्यांनी इंग्रजांच्या तोफांना महिनाभर दाद दिली नाही. पाणी तोडलं, तेव्हा कुठे गड पडला. मग इंग्रजाने दोन खांब उभारले. एक आपल्या मेलेल्यांचा, आणि शेजारीच एक शत्रूचा. पुढच्याच वर्षी त्या शत्रूच्या पलटणी केल्या. सत्तेचाळीस साली दहा रेजिमेंट होत्या, सहा इकडे राहिल्या, चार इंग्रजांकडे गेल्या...

“सगळं पाठ आहे,” सुभेदार कौतुकाने म्हणाले. “त्या गडावर दगड कोणी वाहून नेले?”

यशोधनने मनातल्या मनात पुन्हा सगळी पुस्तकं चाळली.

“खांबावर लिहिलेलं नाही ते. बरं, आणखी काय केलंत?”

“डोको शर्यत घेतली.”

पाठीवर वाळूने भरलेली बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर, आणि समोर डोंगर. गोरख्यांची ही घरचीच शर्यत. यशोधनने तेवढंच वजन घेतलं होतं, पण आपल्या सवयीच्या पाठपिशवीत.

“मी पहिला आलो, साहेब. चार मिनिटं आधी! कुणी आसपाससुद्धा नव्हतं.”

“शाबास. शेवटी कोण आला?”

“...बघितलं नाही.”

म्हाताऱ्याने मुळा खाली ठेवला. पडवीतून दोन डोको आणले. एकात दगड भरले, दुसऱ्यात थोडे कमी. जड टोपली यशोधनच्या पाठीशी लावली, पट्टा त्याच्या कपाळावर चढवला.

“दाज्यू, पोराची मान मोडेल हो!” मावशी ओरडली.

“मोडायची नाही, बहिनी. वाकेल.”

चपला काढून, हलका डोको स्वतःच्या पाठीवर घेऊन सुभेदार पुढे झाले. घरामागचा चढ सुरू झाला.

यशोधनने वर पाहायला मान उचलली, आणि टोपलीने त्याला मागे खेचलं. पडता पडता वाचला. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. मग नाइलाजाने मान खाली घातली.

आता डोंगर दिसेना. आभाळ दिसेना. नालापानीचा गड तर नाहीच नाही. दिसत होत्या फक्त पुढच्या दोन अनवाणी टाचा. एक भेगाळलेली, दुसरी कधीकाळच्या बर्फाने काळी पडलेली.

त्याला धाप लागली, की त्या टाचा सावकाश होत. धाप बसली, की पुन्हा चालू लागत. म्हातारा एकदाही मागे वळला नाही. कानानेच ओळखत असावा.

मध्येच एक निसरडा दगड आला. काळी टाच त्यावर टेकली, घसरली, आणि त्याच्या शेजारी जाऊन ठाम रोवली गेली. यशोधनने मुकाट्याने तिथेच पाय ठेवला.

वर पोचल्यावर सुभेदारांनी आधी त्याचा डोको उतरवला, मग स्वतःचा. यशोधनच्या कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता, त्यावर हलकेच अंगठा फिरवला.

“दमलात?”

“हो.”

“येताना काय काय दिसलं?”



“तुमच्या टाचा, साहेब. दुसरं काहीच नाही.”

सुभेदार चढ उतरायला वळले.

“दोनशे वर्षं पलटणीला पुढच्या साहेबाचं तेवढंच दिसतंय.”